पडद्याआडच्या अशिलांची वकील



यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एक चांगली अट घातली. लेख शाळेतल्या आजच्या आठवी ते दहावीच्या मुलांना वाचून दाखवता यावा आणि त्यातून त्यांना एखाद्या व्यवसायाची ओळख व्हावी. मी सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे मी कॉम्प्युटरवर लिहीन अशी सर्वांची अपेक्षा असणार. पण इंजिनिअरिंगची वाट आज कोणाला सांगावी लागत नाही. त्या वाटेच्या पाट्या गावोगावच्या क्लासच्या भिंतींवर लागलेल्या असतात. कायदा आणि न्याय या क्षेत्राचं मात्र तसं नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण सगळ्यांनी घरात ऐकलेलं आहे. ही म्हण कोर्टात ओढल्या जाणाऱ्यांना सावध करण्यासाठी आहे, पण तिचा परिणाम असा झाला की हुशार मुलामुलींनी तिथे काम करायला जावं, हे आपल्याला फारसं सुचतच नाही.

म्हणून मी एका अशा बाईची गोष्ट सांगणार आहे, जिने ती पायरी चढायला मिळावी म्हणून आयुष्याची तीस वर्षं घालवली. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याचं. हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत असताना ऐकलेलं नसेल.

तिचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 चा. आनंदीबाई जोशी 1865 च्या, रखमाबाई 1864 च्या. म्हणजे आपल्याच मुलखात तीन वर्षांच्या आत या तिघी जन्मल्या. आनंदीबाईंवर आपल्याला धडा होता. रखमाबाईंवर सिनेमा निघाला. दोघी डॉक्टर झाल्या. तिसरीला वकील व्हायचं होतं आणि ते फार जास्त अवघड निघालं. का, ते पुढे येईलच.

कॉर्नेलियाचे वडील सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते धर्मोपदेशक झाले. आई फ्रान्सिना यांना एका इंग्रज दांपत्याने, फोर्ड पतिपत्नींनी, मुलीसारखं वाढवलं होतं. त्या फोर्डबाईंचं कॉर्नेलिया हे नाव या मुलीला मिळालं. लहानपणाचा काही काळ बेळगावात गेला आणि मग कुटुंब पुण्यात स्थिरावलं. घरात मुली बऱ्याच आणि भाऊ एकच. आई-वडिलांनी मुलींच्या शिक्षणात काही कमी केलं नाही. आईने पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं, तिथे वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र बसत. पुढे कॉर्नेलियाची बहीण सुसी हिने पुण्यातच सेंट हेलेनाज ही शाळा उभी केली, तर दुसरी बहीण अॅलिस डॉक्टर झाली. शाळा हा या घराचा जणू कुळाचार होता.

कॉर्नेलिया साधारण आठ वर्षांची असतानाची एक आठवण तिने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. पुण्याच्या घरी आईकडे मदत मागायला बायका येत असत. त्यांत एकदा एक श्रीमंत गुजराती विधवा आली. तिची भरपूर मालमत्ता होती आणि ती सांभाळायला एक कारभारी होता. बाई पडद्यात राहणारी, परक्या पुरुषाशी बोलायची सोय नाही, कागद वाचता येत नाहीत. कारभाऱ्याने एक कागद पुढे केला आणि तिने विश्वासाने त्यावर सही केली. त्या कागदाने सगळी मालमत्ता कारभाऱ्याच्या नावावर झाली. आता काय करता येईल, हे विचारायला ती आली होती. तिच्या जगात वकील पुरुषच होते, आणि पुरुषासमोर ती येऊ शकत नव्हती. ती गेल्यावर आईने लेकीला समजावलं, की अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शिकावा लागेल. मुलीने ते मनावर घेतलं.

शाळेतल्या मुलांना हा प्रसंग मी मुद्दाम सांगेन. करिअर कसं निवडायचं, असं ती विचारतात. पगार किती, स्कोप किती, याच्या आधी आणखी एक प्रश्न असतो: कोणाचं काम अडलं आहे आणि ते करायला कोणीच का नाही? आठ वर्षांच्या मुलीला त्या प्रश्नाचं उत्तर तिच्या घराच्या ओसरीवरच दिसलं होतं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कॉर्नेलियाने प्रवेश घेतला. भोवती सगळे मुलगे आणि ती एकटी मुलगी. 1887-88 च्या सुमारास ती पहिल्या वर्गात बी.ए. झाली, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली. तिचा निकाल इतका वरचा होता की सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला जाण्याचा हक्क तिच्याकडे येत होता. पण ती मुलगी असल्याने शिष्यवृत्ती नाकारली गेली. गुण मान्य, पण गुण मिळवणारी अमान्य!

मग तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवण्याची नोकरी धरली. विद्यार्थी सगळे मुलगे, तिच्याच वयाचे किंवा थोडे लहान. विशीतल्या मुलीने पुरुषांच्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवणं, हे त्या काळी लोकांना नवलाचं होतं. आता या बाई शिकवू लागल्या, म्हणजे आपल्या शाळेच्या शिस्तीप्रमाणे इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं.

इंग्लंडमध्ये त्यांच्या शिष्यवृत्तीच्या अन्यायाची चर्चा झाली. लेडी हॉबहाउस यांनी पुढाकार घेतला, वर्गणी जमली. पैसे देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. 1889 मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. त्याच वर्षी रखमाबाईही डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेल्या.

इथे थोडं थांबून रखमाबाईंच्या खटल्याची आठवण करू. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. नवऱ्याने 1884 मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने, अपिलात उलटा. 1887 मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. बघा, त्या काळात बाई वादी होऊ शकत होती, प्रतिवादी होऊ शकत होती, तुरुंगातही जाऊ शकत होती. फक्त तिची बाजू मांडणारी वकील बाई होऊ शकत नव्हती. कायद्याने जिचं आयुष्य ढवळून निघालं, तिलाही पुढे वैद्यकच शिकावं लागलं. ते दार तोवर किलकिलं झालं होतं. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हे समाजाला पटू लागलं होतं. बायकांचं गाऱ्हाणं ऐकायला बाई वकील हवी, हे अजून पटायचं होतं.

ऑक्सफर्डमध्ये कॉर्नेलियाबाईंनी कायदा शिकायला घेतला. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट त्यांच्या पाठीशी होते. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम अॅन्सन यांनी त्यांना तिथल्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी दिली. असं बसणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. 1892 मध्ये बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा आली. परीक्षक बाईचा पेपर तपासायला तयार नव्हते. अगदी शेवटच्या क्षणी विद्यापीठाने खास ठराव केला आणि त्या मुलांच्या बरोबरीने परीक्षेला बसल्या. ही परीक्षा देणारी ही पहिली स्त्री.

निकाल लागला तो तिसऱ्या वर्गाचा. चरित्रं सांगताना आपण अशा गोष्टी झाकतो. मला वाटतं ती मुलांना आवर्जून सांगावी. डेक्कन कॉलेजात अव्वल आलेल्या बाई ऑक्सफर्डला तिसऱ्या वर्गात पास झाल्या, आणि तरीही पुढचं सगळं आयुष्य त्यांनी कायद्यातच उभं केलं. शिवाय परीक्षा पास होऊनही पदवी हातात आली नाही, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. अभ्यास करा, परीक्षा द्या, पास व्हा, पण कागद मागू नका. काही काळ त्यांनी लंडनमध्ये एका सॉलिसिटर फर्ममध्ये कामाचा अनुभव घेतला आणि 1894 मध्ये त्या हिंदुस्थानात परतल्या.

परत आल्यावर त्यांना कळलं की सनदच नाही. वकील म्हणून कोर्टात उभं राहायला जी नोंदणी लागते, ती बाईची होत नाही. मग जिथे इंग्रजी कोर्टांचे नियम थेट लागू नव्हते, अशा संस्थानांत त्यांनी काम शोधलं. काठेवाडच्या संस्थानांत पोलिटिकल एजंटसमोर पडदानशीन स्त्रियांची बाजू मांडण्याची त्यांना खास परवानगी मिळाली.

त्या दिवसांतला एक किस्सा त्यांनी लिहिला आहे. पंचमहाल भागातल्या एका संस्थानिकाच्या दरबारात त्यांना एका हत्तीच्या वतीने बाजू मांडायची होती. न्यायाधीश म्हणजे राजेसाहेब स्वतः. ते बागेत झोपाळ्यावर बसलेले, जवळ त्यांचा लाडका कुत्रा. कुत्रा बाईंशी लगेच सलगी करू लागला. राजेसाहेबांनी युक्तिवाद ऐकण्याआधीच निकाल देऊन टाकला: आमच्या कुत्र्याला तुम्ही आवडलात, तेव्हा तुम्ही जिंकलात. ऐकायला मजा वाटते. पण जरा विचार केला तर हसू मावळतं. कुत्र्याच्या मर्जीने जिंकता येत असेल, तर उद्या त्याच्या मर्जीने हरताही येईल. आपली बाजू खरी आहे म्हणून जिंकलो, असं अशिलाला वाटलं पाहिजे, त्यासाठीच तर कायदा असतो. परवानगीवर चालणारी वकिली ही वकिली नव्हे, अधिकार लागतो.

म्हणून त्या पुन्हा अभ्यासाला बसल्या. ऑक्सफर्डची परीक्षा पुरत नसेल तर इथल्या देऊ. 1897 मध्ये मुंबई विद्यापीठाची एल.एल.बी. आणि 1899 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा. दोन्ही पार केल्या. सनद तरीही मिळाली नाही. भाऊ अलाहाबादला बॅरिस्टर म्हणून काम करत होता. एकाच घरातल्या दोघांनी कायदा शिकला, एकाला कोर्टाचं दार उघडं आणि दुसरीला बंद.

माझ्यासारखीने अशा वेळी काय केलं असतं? बहुधा दुसरी नोकरी बघितली असती. कॉर्नेलियाबाईंनी नोकरीच नवी तयार करवून घेतली. हा त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोठा वाटणारा भाग.

त्या काळी जमीनदाराचा वारस अज्ञान असेल, किंवा मालकीण पडद्यातली विधवा असेल, तर सरकार ती इस्टेट सांभाळायला घेई. या खात्याला कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणत. नाव कोर्ट, पण खरं तर ते मालमत्ता सांभाळणारं सरकारी खातं. जिल्ह्याचा साहेब, मॅनेजर, गुमास्ते सगळे पुरुष. ज्या बाईच्या इस्टेटीबद्दल निर्णय व्हायचे, तिला त्यांपैकी कोणीही कधी पाहिलेलं नसे. पडद्यापलीकडून कोणीतरी बोलायचं. ती तीच बाई आहे का, तिला कोणी शिकवून बोलवतंय का, तिने अंगठा उठवला तो कशावर, हे कळायला मार्गच नाही.

त्यात हिंदू कायद्याप्रमाणे विधवेचा नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क बहुधा हयातीपुरताच असे. ती असेपर्यंत उत्पन्न तिचं, तिच्यामागे मालमत्ता नवऱ्याच्या नातलगांकडे. म्हणजे तिच्या अवतीभोवती राहणाऱ्या काही माणसांचा फायदा ती लवकर जाण्यात असे. दत्तक कोणाला घ्यायचं यावरून ताण. लहान वारसाच्या जिवाची काळजी वेगळीच. कोर्टांनी पडदानशीन स्त्रीला एक संरक्षण दिलेलं होतं, की तिच्याकडून कागद लिहून घेणाऱ्यानेच तिला तो समजला होता हे सिद्ध करावं. नियम चांगला. पण कोर्टात जाऊन तो मागायचा कोणी?

1902 पासून कॉर्नेलियाबाईंनी सरकारकडे अर्ज-विनंत्या सुरू केल्या. या स्त्रियांपर्यंत पोहोचू शकेल अशी कायदा शिकलेली स्त्री सरकारने नेमावी, एवढंच मागणं. त्या दारामागे एकच माणूस जाऊ शकतं, ते म्हणजे बाई. आणि तिथलं बोलणं कागदावर उतरवायला कायदा यायला हवा. दोन्ही असलेली व्यक्ती सरकारच्या समोरच उभी होती. अखेर 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये लेडी असिस्टंट हे पद निर्माण झालं आणि त्यावर त्यांची नेमणूक झाली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम असा त्यांच्या कामाचा मुलूख झाला.

आमच्या धंद्यात एक दुखणं नेहमीचं आहे. सिस्टिम तयार होते, चालू होते, आणि मग लक्षात येतं की ज्या माणसासाठी ती केली ते माणूस लॉगिनच करू शकत नाही. तोवर सगळे रिपोर्ट हिरवे असतात. न्यायाचंही तसंच आहे. कायदे लिहिलेले असतात, कोर्टं चालू असतात, आणि ज्याला गरज त्याला आत यायला वाटच नसते. कॉर्नेलियाबाई दोन दशकं ती वाट होत्या.

रेल्वे, होडी, पालखी, हत्ती, जे मिळेल त्याने त्या गावोगावच्या हवेल्यांत पोहोचत. जनान्यात तासन् तास बसत. हिशेब वाचून दाखवत. कोणाला दत्तकाबद्दल सल्ला हवा असे, कोणाला पोटगी, कोणाला मुलाच्या शिक्षणाची सोय, कोणाला सासरच्या माणसांपासून जिवाचं रक्षण. सासू-सुनांचे, सवती-सवतींचे तंटे मिटवत, म्हणजे प्रकरण कोर्टात जाऊन इस्टेट खर्चात बुडणार नाही. या वर्षांत सहाशेच्या वर स्त्रिया आणि पोरक्या मुलांना त्यांची मदत झाली असा अंदाज आहे, आणि पुष्कळदा त्यांनी फीही घेतली नाही. 1909 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं.

मुलांनी इथे एक गोष्ट टिपावी. या साऱ्या कामात टीव्हीवर दिसतं तसं कोर्टातलं जोरदार भाषण कुठेच नाही. ऐकणं आहे, कागद नीट वाचणं आहे, समोरच्याला त्याच्या भाषेत समजावणं आहे, आणि त्याचं म्हणणं कायद्याच्या भाषेत अचूक लिहिणं आहे. वकिलीचा मोठा भाग आजही हाच आहे. जे मूल वर्गात बोलत नाही, पण दोघांचं भांडण झालं की दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतं, तेही उत्तम वकील होऊ शकतं.

मग काळ बदलला. 1919 मध्ये ब्रिटनमध्ये बायकांना वकिलीसारखे व्यवसाय खुले करणारा कायदा झाला. 1920 मध्ये ऑक्सफर्ड बायकांना पदवी देऊ लागलं. इथे मात्र 1916 मध्ये कलकत्ता हायकोर्टाने रेजिना गुहा यांना आणि 1921 मध्ये पाटणा हायकोर्टाने सुधांशुबाला हाजरा यांना, दोघी कायद्याच्या पदवीधर असूनही, वकिली नाकारली. त्याच 1921 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने मात्र कॉर्नेलियाबाईंची वकील म्हणून नोंद केली. तिथली परीक्षा देऊन बावीस वर्षं झाली होती. 1922 मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी, ऑक्सफर्डची पदवी त्यांना प्रत्यक्ष मिळाली. 1923 मध्ये स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून वकिली नाकारता येणार नाही, असा कायदा हिंदुस्थानात झाला. 1924 मध्ये त्या कलकत्ता हायकोर्टात वकिलीला उभ्या राहिल्या. वय साठीला टेकलेलं.

इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती, पण झाली नाही. दार उघडलं तरी आतल्या माणसांची मनं उघडली नव्हती. त्यांना मिळालं ते मुख्यतः कागद बघून मत लिहून देण्याचं काम. कोर्टात उभं राहून बाजू मांडायची संधी क्वचितच. 1929 मध्ये त्यांनी कलकत्त्याचं काम थांबवलं आणि लंडनला मुक्काम हलवला.

त्यांचं राजकारणही सांगायला हवं, नाहीतर चरित्र अर्धवट राहील. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या समर्थक होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. 1927 मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेचं हिंदुस्थानची नालस्ती करणारं पुस्तक निघालं, तेव्हा देशभर संताप उसळला आणि कॉर्नेलियाबाईंनी मात्र मेयोची बाजू घेतली. ज्या स्त्री संघटनांबरोबर त्यांनी काम करायला हवं होतं, त्या दुरावल्या. आपण त्यांचं नाव शाळेत ऐकलं नाही, त्याचं एक कारण हेही असावं. मला त्यांची ही बाजू पटत नाही. पण एखाद्याची मतं चुकली म्हणून त्याने केलेलं काम पुसलं जात नाही. दोन्ही बाजू समोर ठेवून मगच तोलायचं, हे न्यायाच्या क्षेत्रातलं पहिलं शिक्षण त्यांच्या चरित्रापासूनच घेता येईल.

6 जुलै 1954 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. दोनच वर्षांनी, 1956 मध्ये, स्वतंत्र भारताने हिंदू वारसा कायदा केला आणि विधवेचा तो हयातीपुरता हक्क संपून स्त्रीच्या ताब्यातल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक झाली. ज्या अडचणीत त्यांच्या शेकडो अशिलांचं आयुष्य गेलं, तिचं मूळच कापलं गेलं. ते बघायला त्या नव्हत्या. 2012 मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.

त्यांच्यामागून आलेल्या बायकांनी ती पायरी किती भराभर चढली पाहा. 1924 मध्ये मिठन टाटा मुंबई हायकोर्टात वकील झाल्या. 1959 मध्ये केरळात अॅना चंडी हायकोर्टाच्या न्यायाधीश झाल्या. 1978 मध्ये सुजाता मनोहर मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. 1989 मध्ये फातिमा बीवी सुप्रीम कोर्टात पोहोचल्या.

तरी पुण्याच्या ओसरीवर आलेली ती गुजराती विधवा अजून गेलेली नाही. आपण सगळे आता चाळिशीत आहोत. आई-वडील थकले आहेत, काहींचे गेले आहेत. आपल्या वयाच्या कितीतरी मैत्रिणींच्या पुढे याच वर्षांत एक कागद येतो, हक्कसोडपत्राचा. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. तरी भाऊबीजेचं नातं राहावं म्हणून अनेक जणी न वाचताच सही करतात. कोणी समजून-उमजून हक्क सोडत असेल तर तो तिचा निर्णय आहे. पण काय सोडतोय ते न कळता सोडणं म्हणजे तीच जुनी सही. पदव्या घेतलेल्या, परदेशात नोकऱ्या केलेल्या बायकाही त्या कागदापुढे पडदानशीनच असतात. फरक इतकाच, की आता विचारायला बाई वकील आहे.

ती पुढच्या पिढीतही असावी, म्हणून मुलांसाठी वाट थोडक्यात सांगते. बारावीनंतर, शाखा कुठलीही असो, पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. आधी कुठलीही पदवी घेऊन मग तीन वर्षांचा करता येतो. महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांसाठी राज्याची सीईटी असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही परीक्षा असते, आणि अशी विद्यापीठं आपल्याच राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पदवीनंतर सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा. मग वकिली, सरकारी वकील, कंपन्यांमधला कायदा विभाग, किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून दिवाणी न्यायाधीश. आणि कॉर्नेलियाबाईंच्या कामाच्या सर्वांत जवळचं म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं काम, जिथे गरजूंना मोफत वकील मिळतो. 1987 च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला तो हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. ही एक गोष्ट जरी मुलांनी घरी जाऊन आईला सांगितली, तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक होईल.

आपल्या माजी विद्यार्थी संघाला माझी एक सूचना आहे. दरवर्षी नववीच्या मुलांना जिल्हा न्यायालय दाखवायला न्यावं. कोर्टाचं कामकाज सर्वांसाठी खुलं असतं, आधी रीतसर पत्र दिलं की बसायची सोय होते. आपल्या माजी विद्यार्थ्यांत जे मोजके वकील आहेत, त्यांनी त्या दिवशी बरोबर राहावं आणि मुलांच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत. बसचा खर्च आमची तुकडी वाटून घेईल, तसं मैत्रिणींशी बोलणं झालं आहे. सर-बाईंनी फक्त तारीख कळवावी. शहाण्या मुलांनी ती पायरी एकदा चढून बघावी, एवढीच इच्छा आहे.